मंगळवारी पार्क बंद

जून 2021. अमेरिकेत ओहायो राज्याच्या उत्तर टोकाला, ईरी सरोवरात घुसलेल्या एका चिंचोळ्या भूपट्टीवर सीडर पॉइंट नावाचं मनोरंजन पार्क आहे. 1870 साली पोहण्याचा किनारा म्हणून सुरू झालेलं हे ठिकाण आज रोलर कोस्टरच्या वेड्यांचं तीर्थक्षेत्र मानलं जातं. आदल्या वर्षी करोनामुळे ते जुलैत उघडलं होतं, तेही मर्यादित गर्दीत. या वर्षी लोक बाहेर पडायला आसुसले होते आणि शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या. नेमक्या त्याच जूनमधले काही मंगळवार आणि बुधवार दारं बंद ठेवायचं पार्कने जाहीर केलं होतं. यंत्रं बिघडली नव्हती, वादळाचा इशारा नव्हता, सरकारची बंदीही नव्हती. पाळणे जागेवर होते, ते चालवायला माणसं नव्हती.

पार्क किती वाजता उघडतं आणि किती वाजता मिटतं, हे आपण वाचतो आणि विसरतो. गर्दी आणि सूर्यास्त बघून कुणीतरी ते ठरवलं असेल, असा आपला समज असतो. हंगामी पार्कात मात्र हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडावा लागतो. आधी हाताशी माणसं किती ते मोजायचं आणि मग ती किती तासांना पुरतील ते बघायचं. त्या उत्तरामागे शाळांचं वेळापत्रक आहे, मजुरीचे कायदे आहेत, व्हिसाची धोरणं आहेत आणि देशात अठरा वर्षांपूर्वी किती मुलं जन्मली हा आकडाही आहे.

यंत्रं बारमाही, माणसं चारमाही

ईरी सरोवर उथळ आहे आणि कडक हिवाळ्यात त्याचा मोठा भाग गोठतो. त्या वाऱ्यात रोलर कोस्टरवर बसायला कुणी येत नाही. त्यामुळे सीडर पॉइंटचा हंगाम मे महिन्याच्या सुमारास सुरू होतो, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या ‘लेबर डे’च्या आसपासपर्यंत रंगतो आणि पुढे ऑक्टोबरअखेरपर्यंत फक्त आठवड्याअखेरीस तग धरतो. हे शरदातले दिवसही जुने नाहीत. हॅलोविनच्या निमित्ताने भुताखेतांचा खेळ मांडण्याची प्रथा इथे 1997 मध्ये सुरू झाली.

हिवाळ्यात पार्क झोपलेलं नसतं. रोलर कोस्टरचे डबे रुळांवरून उतरवून सुटे केले जातात, चाकं आणि आस तपासले जातात, धातूत तडे गेलेत का ते बघितलं जातं. हे काम कायमच्या नोकरीतले कुशल लोक करतात आणि त्यांची संख्या मोठी नसते. मे उजाडला की मात्र या पार्काला एकदम पाच हजारांच्या आसपास माणसं लागतात: राइड चालवणारी, पट्टे तपासणारी, बर्गर भाजणारी, झाडू मारणारी, तिकिटं बघणारी, हॉटेलातल्या चादरी बदलणारी, पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून बसणारी. शेजारच्या सॅन्डस्की शहराची लोकसंख्या आहे पंचवीस हजारांच्या घरात. तान्ही बाळं आणि आजोबा धरूनही तिथल्या दर पाचातला एक माणूस कामावर आणला, तेव्हा कुठे भरती पूर्ण होईल. म्हणून माणसं बाहेरून आणावी लागतात, आणि आणली की ठेवावीही लागतात. अशा पार्काला पाळण्यांच्या जोडीने कामगारांची वसतिगृहंही बांधावी लागतात, ती यामुळेच.

ही माणसं प्रामुख्याने विद्यार्थी असतात, आणि हे आजचं नाही. 1913 च्या उन्हाळ्यात नोटर डेम विद्यापीठाचे दोन खेळाडू, नूट रॉकनी आणि गस डोरे, इथे जीवरक्षकाचं काम करत होते. फावल्या वेळात ते वाळूवर अमेरिकन फुटबॉलमधला पुढे चेंडू फेकण्याचा डाव घोटत बसायचे. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला त्यांच्या संघाने ‘आर्मी’ या बलाढ्य संघाला 35-13 असं हरवलं आणि त्या डावाचा बोलबाला झाला. पुढे रॉकनी देशातला सर्वांत नावाजलेला प्रशिक्षक झाला. फुटबॉलच्या इतिहासात ही गोष्ट डावपेचाची म्हणून सांगतात. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं इतकंच, की शंभर वर्षांपूर्वीही या किनाऱ्याची भिस्त सुट्टीवर आलेल्या कॉलेजच्या पोरांवर होती.

एका राइडचा हिशेब

एखादी राइड चालवायला एका वेळी सहा माणसं लागतात असं समजू. एक नियंत्रण कक्षात, दोन-तीन फलाटावर पट्टे आणि दांडे तपासायला, एक रांगेच्या तोंडाशी उंची मोजायला, एक उतरणाऱ्यांकडे. पार्क रोज बारा तास, आठवड्याचे सातही दिवस उघडं असेल तर त्या एका राइडला आठवड्याला 504 माणूस-तास हवेत. एक माणूस आठवड्याला 40 तास काम करतो असं धरलं तर तेरा माणसं झाली. त्यात जेवणाची सुट्टी आहे. ओहायोत तर अठरा वर्षांखालच्या मुलाला सलग पाच तासांहून जास्त काम दिलं तर अर्धा तास विश्रांती देणं कायद्याने बंधनकारक आहे. कुणी आजारी पडतं, कुणी दुसऱ्या आठवड्यात नोकरी सोडतं. म्हणजे सहा जागांसाठी पंधरा-सोळा माणसं पटावर हवीत.

आता यातली दहाच मिळाली, तर काय करायचं? सहाऐवजी चार जणांत राइड चालवायची, हा मार्ग बंद आहे. कोणत्या राइडला किमान किती माणसं आणि ती कुठे उभी हवीत, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत आणि पार्कच्या कार्यपद्धतीत ठरलेलं असतं. एएसटीएम या मानकसंस्थेची पाळण्यांसाठीची समिती 1978 पासून काम करते आहे, आणि ओहायोत पाळण्यांची तपासणी राज्याचं कृषी खातं करतं. झाडू मारणारा कमी असेल तर कचरा साठतो. पट्टा तपासणारा कमी असेल तर राइड उभी राहते.

त्याआधीची एक पायरी मात्र असते, ती म्हणजे संथपणा. सीडर पॉइंटच्या ‘मिलेनियम फोर्स’ या 310 फूट उंच रोलर कोस्टरच्या एका गाडीत 36 जण बसतात. दर 100 सेकंदांना एक गाडी सुटली तर तासाला जवळजवळ 1300 माणसं वर जाऊन येतात. फलाटावरचे हात कमी किंवा नवखे असले आणि तेच अंतर 150 सेकंदांवर गेलं, तर आकडा 864 वर येतो. राइड तीच, वेगही तोच, पण तासाला सव्वाचारशेहून अधिक माणसं रांगेत जास्त उरली. पाहुण्याला वाटतं आज गर्दी फार आहे. बऱ्याचदा गर्दी नेहमीचीच असते, फलाटावरची माणसं कमी असतात.

टंचाई वाढत जाते तशी तिची लक्षणं साधारण एका क्रमाने दिसतात. आधी आडबाजूची खाण्याची दुकानं बंद होतात. मग रोलर कोस्टरच्या तीनपैकी एक गाडी बाजूला काढली जाते. मग काही राइड उशिरा उघडतात किंवा आलटून पालटून चालतात. त्यानंतर रात्रीचे तास कापले जातात. दिवसच्या दिवस बंद ठेवणं हा शेवटचा उपाय.

आणि तो सगळ्यांत शहाणपणाचाही असू शकतो. आठवड्यातून 24 तास कमी करायचेत. ते सातही दिवसांवर वाटले तर रोज जवळजवळ साडेतीन तास जातात, म्हणजे शनिवारची भर गर्दीची संध्याकाळही कापावी लागते. त्याऐवजी दोन अख्खे दिवस बंद ठेवले तर तेवढेच माणूस-तास वाचतात, शिवाय दोन सकाळींची चाचणी-फेऱ्यांची आणि साफसफाईची तयारी वाचते, आणि थकलेल्या पोरांना सुट्टी मिळते. मंगळवार-बुधवार हे आठवड्यातले सर्वांत विरळ दिवस, म्हणून गदा त्यांच्यावर आली. यात दुखावतात ते वर्षभराचा पास घेतलेले लोक. त्यांचे पैसे कधीच जमा झालेले असतात. पार्कच्या त्या दिवशीच्या गल्ल्यात त्यांच्या न येण्याने मोठी खोट येत नाही, पण पुढच्या वर्षी पास घ्यायचा की नाही हे ते अशाच मंगळवारी ठरवतात.

गिऱ्हाईक आणि कामगार एकाच पंचांगावर

हंगामी पार्काची मूळ अडचण अशी, की ज्या सुट्टीमुळे गिऱ्हाईक येतं तीच सुट्टी कामगार पुरवते. शाळा-कॉलेजं सुटली की दोन्ही एकदम येतात. परत जाताना मात्र एकत्र जात नाहीत. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं ऑगस्टच्या मध्यापासून उघडायला लागतात, तर उन्हाळी सहलींचा मोसम लेबर डेपर्यंत चालू असतो. त्या दोन-तीन आठवड्यांत गिऱ्हाईक दारात असतं आणि काउंटरवरची मुलगी वसतिगृहातलं सामान बांधत असते. ऑगस्टच्या उत्तरार्धात अनेक पार्कांच्या वेळा अचानक आखडतात, काही ठिकाणी मधले दिवस बंदच होतात, त्याचं कारण हे.

या पंचांगावर हात ठेवण्याचे प्रयत्न राजकारणातही झाले. व्हर्जिनिया राज्याने 1986 मध्ये कायदा केला, की सरकारी शाळा लेबर डेच्या आधी उघडायच्या नाहीत. पर्यटनाच्या धंद्याला शेवटचे आठवडे मिळावेत, हा हेतू इतका उघड होता की राज्यातल्या एका मोठ्या पार्कच्या नावावरून लोक त्याला ‘किंग्ज डोमिनियन कायदा’च म्हणू लागले. तीन दशकं शाळांनी त्याविरुद्ध तक्रार केली. अखेर 2019 मध्ये लेबर डेच्या 14 दिवस आधीपर्यंत शाळा उघडायला परवानगी मिळाली. मिशिगन राज्यानेही 2006 पासून असाच नियम लागू केला, पुढे त्यातून सवलती मागणाऱ्या शाळा वाढत गेल्या. डेट्रॉइटकडून येणारी कुटुंबं हा सीडर पॉइंटचा मोठा आधार आहे. म्हणजे शेजारच्या राज्यातल्या शाळेची घंटा ओहायोतल्या पार्कच्या गल्ल्यात ऐकू येते.

शाळकरी कामगारांच्या बाबतीत घड्याळही मध्ये येतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार 14-15 वर्षांच्या मुलांना 1 जूनपासून लेबर डेपर्यंत रात्री नऊपर्यंत काम करता येतं, एरवी सातपर्यंतच. शाळेच्या दिवशी तीन तास आणि शाळेच्या आठवड्यात 18 तास ही मर्यादा आहे. दहा वाजता मिटणाऱ्या पार्कात या मुलांचा शेवटच्या तासाला उपयोग नाही, आणि सप्टेंबरच्या शुक्रवारी तर ती येतात न येतात तोच निघतात. शरदातला हॅलोविनचा खेळ नेमका अंधार पडल्यावर रंगतो. गर्दी ऐन भरात आणि कामाला मोजकी माणसं, अशी ती वेळ असते.

कायद्याने आखलेला हंगाम

‘हंगामी’ हे विशेषण हवामानाने दिलं, तसं कायद्यानेही दिलं आहे. अमेरिकेचा 1938 चा मजुरी कायदा किमान वेतन आणि जादा तासांचा दीडपट मोबदला यांची हमी देतो, पण त्यात हंगामी करमणुकीच्या ठिकाणांना एक सूट आहे. वर्षातून सात महिन्यांहून जास्त काळ न चालणाऱ्या आस्थापनाला या दोन्ही तरतुदी लागू होत नाहीत. त्याहून जास्त चाललं तरी दुसरी एक कसोटी आहे: वर्षातल्या कोणत्याही सहा महिन्यांची सरासरी जमा उरलेल्या सहा महिन्यांच्या सरासरीच्या एक तृतीयांशाहून जास्त नसली, तरी सूट मिळते. राज्याचा कायदा अधिक कडक असेल तर अर्थातच तो पाळावा लागतो.

या सुटीमुळे पूर्वीपासून एक रीत पडून गेली. विद्यार्थ्याने उन्हाळाभर आठवड्याला पन्नास-साठ तास राबावं, जादा दर मिळू नये, आणि पार्कने थोड्या माणसांत लांब दिवस निभावून न्यावा. त्यामुळे हंगाम लांबवायचा की नाही, हा प्रश्न आला की थंडी आणि गर्दी यांच्याबरोबर वकिलाचाही सल्ला घ्यावा लागतो. स्वस्त श्रमावर उभी राहिलेली ही व्यवस्था माणसं मुबलक आहेत तोवर छान चालते. ती आटली, की कायद्यातली सूट निरुपयोगी ठरते. किमान वेतनाहून कमी देण्याची मुभा असून काय करणार, त्या पैशात कुणी येतच नसेल तर?

दूरदेशीची सुट्टी

देशातली पोरं कमी पडू लागली तसा पार्कांनी परदेशी विद्यार्थ्यांचा आधार घेतला. जे-1 व्हिसाखाली ‘समर वर्क ट्रॅव्हल’ नावाची योजना आहे. कागदोपत्री ती सांस्कृतिक देवाणघेवाणीची. परदेशातल्या विद्यापीठाचा विद्यार्थी आपल्या सुट्टीत जास्तीत जास्त चार महिने अमेरिकेत काम करतो आणि मग थोडं फिरून घरी जातो. रोमानिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, जमैका अशा देशांतून मुलं येतात. विमानभाडं आणि मध्यस्थ संस्थेचं शुल्क बहुधा मुलंच भरतात आणि उन्हाळ्याच्या मजुरीतून ते वसूल करायची आशा धरतात.

ही देवाणघेवाण कधीकधी नुसती मजुरी होते. ऑगस्ट 2011 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका गोदामात हर्शीची चॉकलेटं भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनी संप केला. त्यानंतर योजनेतल्या सहभागींची संख्या वर्षाला 1 लाख 9 हजारांवर गोठवण्यात आली, आणि 2012 च्या नव्या नियमांनी कारखाना-गोदामातली कामं योजनेतून वगळली. पार्कांची कामं राहिली.

मग 22 जून 2020 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने या योजनेसह अनेक व्हिसा थांबवले गेले. बंदी 31 मार्च 2021 ला संपली, पण वकिलातींतला अनुशेष आदेशाबरोबर संपला नाही. ज्यांना मे महिन्यात फलाटावर उभं राहायचं होतं, ती मुलं मुलाखतीच्या तारखेची वाट बघत आपापल्या देशात बसली. सीडर पॉइंटच्या बंद मंगळवारांमागे हे एक मोठं कारण होतं.

वीस डॉलर

पार्कने आधी कामावर येणाऱ्याला बक्षीस देऊ केलं. मग मे 2021 मध्ये हंगामी कामाचा दर ताशी 20 डॉलर केला. त्या वर्षी ओहायोचं किमान वेतन ताशी 8.80 डॉलर होतं आणि केंद्रीय किमान वेतन तर 2009 पासून 7.25 वरच थांबलेलं. म्हणजे राज्याच्या किमान दराच्या दुपटीहून जास्त. भरतीला वेग आला आणि उन्हाळा मध्यावर येईपर्यंत पार्क पुन्हा आठवडाभर चालू लागलं. ‘हल्ली पोरांना काम नको’ असं म्हणणाऱ्यांना मिळालेलं हे उत्तर होतं: काम नको होतं असं नाही, त्या दराने नको होतं.

पण दर वाढवून माणूस मे महिन्यात दारात येतो; ऑगस्टअखेर तो टिकेलच असं नाही. त्याला बांधून ठेवणं हा हंगामी धंद्यातला स्वतंत्र उद्योग आहे. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या गाळप हंगामाशी याची तुलना करून बघण्यासारखी आहे. तिथेही कोट्यवधींची यंत्रं वर्षाचा बराच काळ स्वस्थ असतात, तिथेही हजारो माणसं बाहेरगावाहून येतात आणि त्यांचा मुक्काम कारखान्याच्या परिसरात पडतो. पण ऊसतोड मजुराला मुकादम आधी उचल देऊन बांधतो. पैसे फिटेपर्यंत तो जाऊ शकत नाही. अमेरिकेतली अनेक पार्कं उलट करतात: करार संपेपर्यंत राहिलास, तर केलेल्या प्रत्येक तासामागे थोडी जास्तीची रक्कम शेवटी हातात. एकीकडे कर्जाने अडकवणं, दुसरीकडे आमिषाने थांबवणं. कॉलेजच्या मुलाला मात्र हे आमिषही अडवू शकत नाही, कारण वर्ग सुरू झाल्यावर बोनससाठी सत्र बुडवणारा विरळा.

पुढे काय

2021 ची टंचाई करोनाची म्हणून सोडून देता येईल, पण तिच्याखाली एक जुना उतार आहे. अमेरिकेत 16 ते 24 वयोगटातले किती तरुण उन्हाळ्यात काम करतात किंवा काम शोधतात, याची नोंद दर जुलैत होते. जुलै 1989 मध्ये हे प्रमाण 77.5 टक्के होतं. अलीकडच्या वर्षांत ते 60 टक्क्यांच्या आसपास घुटमळतं आहे. उन्हाळी वर्ग, प्रवेशासाठी उपयोगी पडणाऱ्या इंटर्नशिप, खेळांची शिबिरं यांनी ती सुट्टी आधीच भरून टाकली आहे. त्यात 2007 साली अमेरिकेत 43 लाखांहून जास्त मुलं जन्मली आणि तो उच्चांक ठरला. 2023 पर्यंत हा आकडा 36 लाखांवर आला. 2007 ची मुलं 2025 मध्ये अठरा वर्षांची झाली. त्यांच्या मागून येणाऱ्या तुकड्या लहान आहेत.

पार्कं आपापल्या परीने जुळवून घेत आहेत. खाण्याची ऑर्डर फोनवरून, पैसे कार्डाने, प्रवेश यंत्राने; निवृत्त लोकांना अर्धवेळ काम. पण फलाटावर प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा हाताने ओढून बघणारं माणूस अजून कुणी हटवलेलं नाही, आणि हटवू नये. त्यामुळे काट कुठे बसणार, तर वेळापत्रकात. डेट्रॉइट किंवा कोलंबसला मुलांकडे गेलेले आपले आजी-आजोबा ऑगस्टअखेरच्या एखाद्या बुधवारी नातवंडांना पार्कात न्यायचा बेत करत असतील, तर त्यांनी हवामानाच्या अंदाजाआधी पार्कचं कॅलेंडर बघावं हे बरं.

मिलेनियम फोर्स उभी करायला 2000 साली अडीच कोटी डॉलर लागले होते. तेवढे, किंवा त्याच्या कितीतरी पट, पैसे बँकेकडून आजही मिळतील. ती चालवायला लागणारी अठरा वर्षांची माणसं मात्र अठरा वर्षं आधी जन्मावी लागतात.